पाठकोऱ्या कागदावरचा राजा

त्यांच्या चष्म्याची एक काडी मोडलेली होती आणि तिच्या जागी फायलीचा पांढरा नाडा होता. नाडा कानामागून घेऊन मानेवर गाठ मारलेली. नवीन काडी बसवायला तालुक्याच्या बाजारपेठेत दहा मिनिटं लागली असती. पण नाडा सरकारी होता, फुकट होता आणि त्यांच्या मते टिकाऊ होता. धुळे जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत ते अव्वल कारकून होते आणि मी त्यांच्या हाताखाली लिपिक. कचेरीत सगळे त्यांना आबा म्हणायचे. तालुक्याचं नाव मी लिहीत नाही आणि आबांचंही लिहीत नाही. त्याचं कारण त्यांनीच दिलेलं आहे, ते पुढे येईल.

मी जळगावची. सकाळच्या गाडीने नरडाण्याला उतरायचं, तिथून काळीपिवळीत बारावी सवारी म्हणून बसायचं आणि कचेरीत पोचेपर्यंत दिवसातली अर्धी ताकद संपवून टाकायची, अशी माझी सहा वर्षं गेली. अशा माणसाला सहकाऱ्याने कविता ऐकवणं हा छळ आहे. आबा कविता करतात हे कळल्यावर मी टेबल बदलून मागितलं होतं. मिळालं नाही.

आमच्या खात्यात कविता करणारे पुष्कळ असतात. बहुधा निवृत्तीच्या समारंभात कळतं, आणि तेव्हा फार काही बिघडत नाही. आबांचं तसं नव्हतं. ते मुक्ताईनगरकडचे, घरी केळीचे मळे, पण केळीवर त्यांनी ओळ लिहिली नाही आणि केळं खाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. वीस वर्षं ते एकच कविता लिहीत होते. तीही ग्रीस देशातल्या, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका शोकांतिकेवर.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं तेही ऐकण्यासारखं आहे. ते तरुण असताना एक प्रशिक्षणार्थी अधिकारी कचेरीत आला होता. बदली झाल्यावर त्याचं पुस्तकांचं एक खोकं राहून गेलं. आबांनी नियमाप्रमाणे तीन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. मग त्यांनी खोकं उघडलं. वरचंच पुस्तक जाडजूड इंग्रजी, वेष्टण नसलेलं, पहिली पानं उंदरांनी नेलेली. लेखक कोण ते कळायला मार्ग नव्हता आणि आबांना त्याचं काही वाटलं नाही. शब्दकोश घेऊन आठवड्याला दोन पानं, असं त्यांनी ते पुरं वाचलं.

"गोष्ट काय आहे आबा?" मी पहिल्यांदा विचारलं ते केवळ त्यांनी लवकर संपवावं म्हणून.

"दोन भाऊ. गादीसाठी भांडले, दोघं मेले. नवा राजा बसला. त्याने एका भावाला मानाने माती दिली आणि दुसऱ्याला उघड्यावर टाकायला सांगितलं. जो पुरेल त्याला मृत्युदंड. त्यांची बहीण उठते, जाते आणि माती टाकून येते. राजा तिला कोंडतो. मग त्याला चूक कळते, तो धावत जातो, तोवर उशीर झालेला असतो." त्यांनी डबा उघडला. "एवढंच. आपल्याकडच्या मध्यम फायलीएवढं."

"आणि नावं?"

"नावं घेतली नाहीत. आपल्या इकडच्या जिभेला ती उचलत नाहीत. शिवाय नाव लिहिलं की माणूस एकट्याचा होतो. पदनाम लिहावं." म्हणून त्यांच्या कवितेत राजा, बहीण, धाकटी बहीण, शिपाई, आंधळा म्हातारा एवढीच माणसं होती. मीही तेच करते आहे.

डब्यात रोज कळण्याची भाकरी आणि ठेचा. भाकरी संपली की हात धुऊन ते खालचा खण उघडत. आत पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. रद्द झालेले मसुदे, जुनी परिपत्रकं, जादा निघालेल्या प्रती. पुढे सरकार आणि मागे शोकांतिका. कागदाची मागची बाजू दिसली की आबांचा चेहरा खुलायचा. आम्ही कोणी कागद चुरगळून टाकला तर ते तो उचलून, मांडीवर सरळ करून, उलटा ठेवायचे. त्यांच्यासाठी कागदाला एकच बाजू होती. दुसरी त्यांची स्वतःची.

कविता ते टिपणीसारखी लिहायचे. डावीकडे रुंद समास सोडून, परिच्छेदांना क्रमांक घालून.

"आबा, कवितेला समास कशाला?"

"वरिष्ठांना शेरा मारायला."

"कवितेचे वरिष्ठ कोण?"

"सध्या तू."

मला का ऐकवायचे, तर मी वा वा म्हणत नसे. एकदा पाच पानं वाचून ते थांबले आणि म्हणाले, "कसं वाटलं?"

"लांब आहे."

"कुठे लांब आहे?"

"सगळीकडे."

दुसऱ्या दिवशी पाचाची दोन पानं झाली होती.

त्या नाटकात म्हणे एक घोळका असतो, सगळं बघतो, एका आवाजात बोलतो, पण काही करत नाही. हा घोळका आबांनी बाहेरच्या ओट्यावरून उचलला. कचेरीच्या दारात निंबाखाली ओटा आहे. दाखल्यांना, उताऱ्यांना, सुनावणीला आलेली माणसं तिथे दिवसभर बसलेली असतात. आबा येता-जाता त्यांचं बोलणं ऐकायचे आणि आत येऊन टिपून ठेवायचे. त्यातल्या तीन ओळी मला आवडल्या होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही:

आम्ही ओट्यावरचे.
आम्हाला सगळं माहीत असतं
आणि आमचा नंबर आलेला नसतो.

आमचा शिपाई दारात टेकून हे सगळं ऐकायचा. तो शिंदखेड्याकडचा, घरी-दारी अहिराणी. त्याला एकाच गोष्टीत रस होता. "आबा, तुमना राजाना शिपाईले गणवेश शे का नही?"

"नाही रे बापा. त्याला फक्त वाईट बातमी घेऊन यायचं काम आहे."

"मंग ते मीच शे," असं म्हणून तो घंटी वाजली तिकडे गेला.

राजाचा आदेश मात्र त्यांना कित्येक वर्षं जमत नव्हता. पहिल्या मसुद्यात राजा फार मोठमोठं बोलायचा, आकाश आणि वीज आणि रक्त. मी त्या दिवशी गाडी चुकून आलेली होते. म्हटलं, "आबा, राजा असं बोलणार नाही. राजाला वेळ कुठे आहे? आपण काढतो तसा आदेश काढेल आणि जेवायला जाईल."

आबांनी चष्मा कपाळावर घेतला. दुसऱ्या दिवशी आदेश तयार होता:

ज्याअर्थी मयत हा शत्रू होता,
त्याअर्थी त्यास कोणीही पुरू नये,
कोणीही रडू नये.
सबब आदेश.

तो त्यांनी मला त्या महिन्यात वीस-पंचवीसदा ऐकवला असेल. मला पाठ झाला. काळीपिवळीत बसल्यावर डोक्यात आपोआप सुरू व्हायचा.

एक अडचण राहिली. शेवट. पुस्तकात राजा आदेश मागे घेतो. आबांना ते पटत नव्हतं.

"माले नाही पटत व ताई. राजा आदेश मागे घेतो म्हणजे काय करतो? जावक झालेला आदेश आहे. दवंडी पिटलेली आहे. मागे घ्यायचा तर त्याच्यापुढे कोणीतरी टिपणी ठेवली पाहिजे, की हुजूर, आपल्या आदेशात चूक आहे. ती टिपणी कोणी ठेवली?"

"तो आंधळा म्हातारा सांगतो ना."

"तो बाहेरचा माणूस. तोंडी सांगतो. तोंडी सांगण्यावरून आदेश फिरतो का?"

"आबा, ते नाटक आहे."

"म्हणूनच म्हणतो. नाटकात खोटं चालत नाही."

राजा त्यांच्या मते वाईट नव्हता. "नवा होता. नव्याला वाटतं, एकदा सोडलं तर कोणी ऐकणार नाही." शेवटाचे मसुदे ते लिहीत आणि फाडत. फाडलेले तुकडेसुद्धा मागून कोरे आहेत का ते बघत.

त्यांचा अभिमान कवितेत नव्हता. तो सेवापुस्तकात होता. दर जानेवारीत ते स्वतःचं सेवापुस्तक मागवून घ्यायचे आणि पान न् पान उलटायचे. नोंदी निळ्या शाईने असतात. शिक्षा, ताकीद, ठपका असेल तर लाल. आबांच्या पुस्तकात लाल शाईचा ठिपका नव्हता. "एकतीस वर्षं झाली," ते मला दाखवायचे. वडील केळीच्या मळ्यात मजुरांवर देखरेख करत, त्यांना अक्षरओळख नव्हती, पण या पुस्तकाची घरची प्रत ते मांडीवर घेऊन बसत आणि फक्त लाल आहे का तेवढं बघत, असं त्यांनी एकदा सांगितलं. वडील वारले तरी आबांची जानेवारी चुकली नाही. पुढचा मार्च संपला की ते निवृत्त होणार होते. कोरं पुस्तक घेऊन घरी जायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मे महिना होता. तालुक्यातल्या एका गावात एका जागेवरून दोन गटांत वाद होता. एका गटाला तिथे सभामंडप बांधायचा होता. दुसरी पाच-सात घरं होती, त्यांच्यात मेलेलं माणूस जाळत नाहीत, पुरतात. साहेब म्हणाले, मोजणी होईपर्यंत सगळं थांबवा. आमचे तहसीलदार तिशीतले, पहिलंच पोस्टिंग, रोज धुळ्याला बैठक. तलाठ्याचा अहवाल आला, आबांनी तो वाचला आणि आदेशाचा मसुदा केला. साहेबांनी तीस फायलींबरोबर त्यावरही सही केली. आदेश गेला. मीच टाईप केला होता. सुटसुटीत होता, मला बरं वाटलं होतं.

आठवड्याने, सकाळी अकराच्या सुमारास, एक बाई आली. पन्नाशीची, उन्हाने चेहरा काळवंडलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आधारकार्डाच्या दोन झेरॉक्स होत्या, एक भावाची आणि एक आईची.

"साहेब, मन्हा भाऊ काल मरना. घरमा शे. बर्फ लावेल शे. त्याले मायना बाजूले ठेवानं शे. सरपंच म्हनस, कागद उना, ठेवता येवाव नही."

साहेब धुळ्याला होते, फोन बंद. नायब तहसीलदार म्हणाले, मी यात पडत नाही. बाई आबांपुढे आली. आबांनी तिला बसायला लावलं, पाणी मागवलं, भावाला त्याच जागेत आईशेजारी पुरायचं आहे हे सगळं ऐकून घेतलं. ते कोणाशी उभ्या उभ्या बोलत नसत. मग समजावून सांगितलं, की मोजणी होईपर्यंत कोणालाच तिथे काही करता येणार नाही, हा नियम दोन्हीकडच्यांना सारखा आहे.

"मोजनी कवय व्हई?"

"होईल. महिना-दीड महिना."

बर्फाचं गणित तिला माहीत होतं आणि आम्हालाही होतं.

आबांचं एक तत्त्व होतं, तोंडी नकार द्यायचा नाही. नकार लेखी असला तर माणसाला वर दाद मागता येते. म्हणून त्यांनी मला मजकूर सांगितला, मी टाईप केला, त्यांनी 'तहसीलदारांकरिता' म्हणून सही केली, जावक क्रमांक पडला आणि कागद बाईच्या हातात दिला. आमच्या हिशोबाने आम्ही नीट वागलो होतो. जेवणाची वेळ झाली. आबांनी भाकरी खाल्ली आणि खालचा खण उघडला. त्या दिवशीही.

मी पाणी भरायला बाहेर गेले तेव्हा ती ओट्यावर बसलेली होती. मला पाहून उठली.

"बाई, वाची दखाडा ना, काय लिखेल शे."

मी वाचायला घेतलं. संदर्भ, विषय, महोदया. "ज्याअर्थी सदर जागेबाबत वाद उपस्थित झाला आहे, त्याअर्थी सदर जागेत कोणासही कोणीही पुरू नये..."

मी तिथे थांबले. उन्हाने असेल म्हणून पुन्हा वाचलं. तीच चाल. मला पाठ असलेली. काळीपिवळीत डोक्यात वाजणारी. सकाळी टाईप करताना बोटं चालली होती, कान नव्हते.

"पुढे?" ती म्हणाली.

"सबब आपली विनंती मान्य करता येत नाही."

"म्हंजे नही म्हनेल शे."

"हो."

तिने कागदाची चौपदरी घडी घालून पिशवीत ठेवली, दोन्ही आधारकार्डांच्या मध्ये. "तुम्हनं काम तुम्ही करं. मन्हं मी करसू," म्हणाली. रागाने नाही. बस कधी आहे ते सांगावं तसं.

मी आत गेले. आबा पेन्सिल घेऊन कागदावर वाकलेले.

"आबा, हा राजाचा आदेश आहे."

"कोणत्या राजाचा?"

मी जावक प्रत त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी त्यांचा पाठकोरा कागद. त्यांनी एक वाचला, मग दुसरा. मग पुन्हा पहिला. नाड्याची गाठ सोडून चष्मा टेबलावर ठेवला. वीस वर्षं ज्या बहिणीबद्दल लिहिलं ती समोरच्या खुर्चीत बसून पाणी पिऊन गेली होती आणि त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. मीही नव्हतं. पण मी कविता करत नव्हते.

ते बाहेर आले. ओट्यावर तिची जागा रिकामी होती. ते नुसते उभे राहिले तर बसलेली माणसं आपणहून, एकदम म्हणाली, "ती ते गई, आबा."

त्याच दिवशी पाचच्या आत, ऊन असताना, तिने भावाला आईशेजारी ठेवलं. गावात कोणी अडवायला पुढे झालं नाही. सगळे बघत होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार आली, सोबत फोटो. आदेशाचा भंग झाला आहे, प्रेत उकरून दुसरीकडे हलवावं, बाईवर गुन्हा दाखल करावा. साहेबांनी आबांना बोलावलं. मी फाईल घेऊन मागे उभी होते.

"आबा, आदेश आपला आहे. आज सोडलं तर उद्या या तालुक्यात कोणी ऐकणार नाही. पंचनाम्याचं पत्र काढा आणि प्रेत हलवायचंही."

साहेब वाईट नव्हते. नवे होते.

"तासभर द्या साहेब," आबा म्हणाले.

ते टेबलाशी आले आणि फाईल पहिल्या पानापासून काढून बसले. तलाठ्याचा अहवाल एकाच कागदावर होता. शेवटी वाक्य पूर्ण, खाली कोपऱ्यात तलाठ्याची आद्याक्षरी. आबांनी कागद हातात धरला, उजेडाकडे केला आणि मग हळूच उलटा केला.

मागे मजकूर होता. कागद वाचवायचा म्हणून तलाठ्याने पाठपोट छापला होता. मागच्या बाजूला लिहिलं होतं की सदर जागेत पूर्वापार दफन होत आलं आहे, अर्जदारांचे पूर्वज तिथेच आहेत, आणि एवढा वापर चालू ठेवून बाकीचं काम थांबवावं. पूर्ण सही तिथेच होती.

आबांनी ती बाजू पाहिलीच नव्हती. दुसरा कोणी असता तर आळशीपणा म्हटला असता. आबा आळशी नव्हते. पण कागदाची मागची बाजू कोरी असते, ही त्यांच्या हाताची वीस वर्षांची सवय होती.

मी सरळ विचार करणारी बाई आहे. हळू आवाजात म्हटलं, "आबा, साहेबांना एवढंच सांगा की झेरॉक्स एकाच बाजूची आली होती. तलाठी काही बोलणार नाही. आदेश दुरुस्त होईल, बाई सुटेल आणि तुमचं पुस्तकही राहील."

"झेरॉक्स नाही व ताई. मूळ प्रत आहे."

"कोण बघतंय?"

त्यांनी नाडा कानामागे सारखा केला. आधी वाटलं चिडले. पण आवाज थकलेला होता. "वीस वर्षं मी राजाला विचारतोय, टिपणी कोणी ठेवली. आता माझ्यावर वेळ आली, तर झेरॉक्स मशीनला पुढे करू?"

"मार्चला निवृत्त होताय."

"माहीत आहे. टाईप कर."

मी टाईप केलं. तलाठी अहवालाच्या मागील बाजूवरील वस्तुस्थिती आदेश प्रस्तावित करताना निदर्शनास आणून देण्याचे राहून गेले. ही चूक खालील स्वाक्षरीकर्त्याची आहे. सबब आदेश मागे घेण्यात यावा, दफनाबाबत कोणतीही कारवाई करू नये. समास रुंद सोडायला सांगितला त्यांनी. शेऱ्यासाठी.

साहेबांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. सुटका झाल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

"आबा, हे असं लेखी आलं तर मला तुमच्यावर कारवाई करावी लागेल."

"हो साहेब. मसुदा मी करून देतो."

आणि दिला. कारणे दाखवा नोटीस त्यांनी स्वतःच लिहिली, तिचा खुलासा स्वतःच सादर केला आणि सक्त ताकिदीचा प्रस्तावही स्वतःच ठेवला. भाषा तिन्ही ठिकाणी उत्तम होती.

आदेश मागे घेतल्याचा कागद घेऊन शिपाई त्या गावाला गेला. संध्याकाळी तसाच परत घेऊन आला. बाईने त्याला चहा पाजला होता, पण कागद घेतला नव्हता.

"काय म्हणाली?" आबांनी विचारलं.

"म्हने, आते काय कामनं?"

आबांनी मान हलवली. "बरोबर आहे. आपलाही उशीरच झाला. पण उकरलं तरी नाही." बाईने न घेतलेल्या प्रतीवर शिपायाने 'स्वीकारण्यास नकार' असा शेरा मारला. आबांनी तो कागद फायलीला लावला. लावण्याआधी मागची बाजू पाहिली.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत कविता झाली नाही. खण बंद. मला वाटलं होतं, बरं वाटेल, अर्धा तास डोळे मिटून बसता येईल. शिपायाने एकदा विचारलं, "आबा, राजाना काय व्हयनं?" आबा म्हणाले, "बदली झाली." शिपाई हसला. आबा हसले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. मी जळगावहून दारावर गेले होते. आमच्याकडे माणूस गेला की लोक दुःख भेटायला दारी येतात, घोटभर पाणी पिऊन बसतात आणि उठतात. त्यांच्या सुनेने मला नाड्याने बांधलेला गठ्ठा दाखवला. "तुम्ही नेता का ताई? आमच्याकडे कोणी वाचत नाही." मी नाही म्हटलं. जळगावच्या दोन खोल्यांत माझेच कागद मावत नाहीत. पण शेवटचं पान काढून पाहिलं. राजा ओट्यावरच्या लोकांना ओलांडून माळाकडे निघतो, इथपर्यंत होतं. त्याखाली समासात, आबांच्या बारीक अक्षरात: 'शेवट सेवापुस्तकात पाहावा.'

मला बघायची गरज नव्हती. ती नोंद माझ्याच हातची आहे.

सक्त ताकिदीचा आदेश निघाला तोवर मी आस्थापनेच्या टेबलावर आले होते. सेवापुस्तकं माझ्याकडे. फेब्रुवारी होता, आबांचं निवृत्तिवेतनाचं प्रकरण पाठवायचं होतं, त्याआधी नोंद व्हायला हवी होती. मी एकटीने उरकून टाकणार होते, पण आबा खुर्ची ओढून समोर बसले. येताना लाल पेन स्वतःचं आणलं होतं.

"सुवाच्य लिही. वडील असते तर त्यांना अक्षर कळलं नसतं, पण वळण कळलं असतं."

"तुम्ही जाऊन बसा ना आबा. मी लिहिते."

"शब्द चुकवशील."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. 'तलाठी अहवालाची मागील बाजू न वाचता आदेश प्रस्तावित केला सबब सक्त ताकीद.' एकतीस-बत्तीस वर्षांच्या निळ्या पानांवर ती एकच लाल ओळ. आबांनी पुस्तक आपल्याकडे वळवलं. मला वाटलं डोळे भरतील आणि मला काहीतरी बोलावं लागेल. तसं झालं नाही. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि त्या ओळीत जागोजागी बारीक तिरक्या रेघा मारल्या, कवितेची ओळ कुठे तोडायची त्याच्या खुणा असतात तशा. मग पुस्तक माझ्याकडे फिरवून मला वाचायला दिलं.

तलाठी अहवालाची मागील बाजू
न वाचता
आदेश प्रस्तावित केला.
सबब,
सक्त ताकीद.

"लांब आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं."

"आबा, सेवापुस्तकात खुणा करता येत नाहीत."

"पेन्सिलने आहेत. खोडून टाक सावकाश." ते उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि लाल पेन माझ्याच टेबलावर विसरून गेले.

त्या महिन्यात निवृत्तीची चौदा प्रकरणं होती. पुस्तक मंजुरीला गेलं, परत आलं, अभिलेख कक्षात गठ्ठ्याला बांधलं गेलं. खुणा तशाच आहेत. खोडायला मला वेळ मिळाला नाही.